धोफारचा खरीफ: धुकं, लोबान आणि डोंगरातली माणसं

'खरीप' हा आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी रोज असणारा शब्द मुळात अरबी. अरबीत त्याचा अर्थ शरद ऋतू. आपल्याकडे तो महसुलाच्या कागदांमधून आला आणि पावसावर येणाऱ्या पिकांना चिकटून बसला. पण खुद्द अरबस्तानात एक कोपरा असा आहे, जिथे 'खरीफ' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पावसाळाच उभा राहतो. दाट धुकं, सततची भुरभुर, हिरवे डोंगर, निसरड्या वाटा. हा कोपरा म्हणजे ओमानचा दक्षिणेकडचा प्रांत, धोफार.

मस्कतहून धोफारचं मुख्य शहर सलाला रस्त्याने जवळजवळ हजार किलोमीटर लांब आहे, आणि मधली बहुतेक वाट रखरखीत सपाटीची. पश्चिमेला येमेन, उत्तरेला 'रुब अल खाली' नावाचं वाळूचं प्रचंड वाळवंट, दक्षिणेला अरबी समुद्र. म्हणजे हा प्रदेश मस्कतपासून जवळजवळ तुटलेला आणि समुद्रामुळे मात्र भारताशी आणि आफ्रिकेशी जोडलेला. धोफारचा इतिहास सांगताना बरेच जण सुलतानांपासून सुरुवात करतात. मला ते उलटं वाटतं. इथे आधी वारा समजून घ्यावा लागतो, मग डोंगर, मग माणसं. सुलतान त्यानंतर.

धुकं येतं कुठून?

जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत जोर धरतात आणि अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येतात. ('मोसमी' हा शब्दही अरबी 'मौसिम'मधूनच आलेला.) वाटेत ते धोफारच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात. आता पाण्याची एक खोड लक्षात घ्यायची. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी नाकासमोर जात नाही, उजवीकडे सरकतं. धोफारच्या बाबतीत उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्राकडे. वरचं ऊबदार पाणी असं सरकलं की त्याची जागा घ्यायला खालचं थंडगार पाणी वर येतं. भर उन्हाळ्यात किनाऱ्यालगतचा समुद्र गार पडतो.

त्या गार पाण्यावरून येणारी दमट हवा निवते आणि तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं. ते जमिनीकडे सरकतं, पण समोर डोंगराची भिंत. वर जावं तर तिथे वाळवंटाकडून आलेली गरम, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली. त्यामुळे ढग उंच चढत नाहीत आणि आपल्यासारखा धो धो पाऊस पडत नाही. समुद्र, डोंगर आणि हे झाकण यांच्यामध्ये ढग जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत कोंडून राहतो. सलालामध्ये वर्षभराचा पाऊस मोजला तर तो १०० मिलिमीटरच्या आसपास भरतो. कोकणात एवढा पाऊस एका दिवसात पडून जातो.

मग डोंगर हिरवे होतात कशाने? झाडांमुळे. धुकं वाऱ्याबरोबर पानांमधून जातं तेव्हा त्याचे बारीक कण पानाला चिकटतात, एकमेकांत मिसळतात, पानाच्या टोकाशी थेंब धरतो आणि खाली पडतो. त्यामागून दुसरा. म्हणूनच मोकळ्या जागेपेक्षा झाडाखालची जमीन जास्त भिजते. या जंगलातलं मुख्य झाड फक्त याच पट्ट्यात, म्हणजे धोफार आणि लगतच्या येमेनमध्ये सापडतं, आणि ते आपल्या धावड्याच्या कुळातलं आहे. ज्या धावड्याचा डिंक आपण लाडवात घालतो, त्याचा हा भाऊबंद तिकडे ढगातून पाणी गाळून जमिनीला पाजतो. झाड तोडलं तर ढग तसाच वाहून जातो, जमीन कोरडी राहते. धोफारबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

तीन पट्टे

कोकण, घाटमाथा आणि देश ही विभागणी डोक्यात असलेल्या माणसाला धोफारचा भूगोल चटकन कळतो. खाली सलालाचं अरुंद मैदान आहे. नारळ, केळी, पपई, रस्त्याकडेला शहाळी विकणाऱ्या टपऱ्या. त्यामागे तीन डोंगररांगा: पश्चिमेला जबल कमर, मधोमध जबल करा, पूर्वेला जबल समहान. मधली रांग साधारण आठ-नऊशे मीटर उंचीची, समहान त्याहून बरीच उंच. समुद्राकडच्या उतारांवर धुकं, गवत, जंगल, मधूनच गोरखचिंचेची अवाढव्य झाडं. माथा ओलांडला की धुकं सुरीने कापल्यासारखं संपतं. पलीकडे नज्द, म्हणजे कोरडं पठार, आणि ते हळूहळू वाळवंटात उतरत जातं.

यातल्या एकाही पट्ट्याला एकट्याने जगता येत नाही. किनाऱ्यावर मासळी भरपूर, कारण खालून वर येणाऱ्या थंड पाण्याबरोबर माशांचं खाद्यही वर येतं. पण खरिफात समुद्र इतका खवळतो की होड्या वाळूवर ओढून ठेवाव्या लागतात. डोंगरात गाई आहेत, दूध-तूप आहे, पण गवत सुकलं की चारा नाही. नज्दमध्ये उंट आणि लोबान आहे, पण धान्य नाही, मासळी नाही. म्हणून सुकवलेली तारली पोत्यांनी डोंगरात जायची आणि गाई-उंटांना चारा म्हणून घातली जायची. डोंगरातलं तूप आणि नज्दचा लोबान खाली यायचा. गाईने मासे खाणं आपल्याला विचित्र वाटेल. चौदाव्या शतकात इथे आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशालाही वाटलं होतं आणि त्याने ते लिहून ठेवलं. पण सुकी तारली म्हणजे समुद्राने दिलेला चाराच. डोंगर सुकला की जनावरं तिच्यावर तगत.

लोबान

लोबानाचं झाड दिसायला अगदी साधं. बुटकं, वेडंवाकडं, कागदासारखी सुटणारी साल, चुरगळल्यासारखी पानं. त्याला धुकं मानवत नाही. डोंगराच्या मागच्या कोरड्या बाजूला, जिथे खरिफाची नुसती गार झुळूक पोचते, तिथला लोबान उत्तम. 'हौजरी' नावाची सर्वात वरची प्रत या कोरड्या भागातली.

काढायची पद्धत फारशी बदललेली नाही. 'मनकफ' नावाच्या आखूड, बोथटसर हत्याराने खोडावरची थोडी साल खरवडतात. लाकडाला इजा करायची नाही, नुसती साल सोलायची. जखमेतून दुधासारखा पांढरा चीक थेंबाथेंबाने बाहेर येतो. पहिल्या खेपेचा चीक खरवडून टाकून देतात. दोनेक आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा खरवडतात, आणि मग जे थेंब सुकून खडे होतात तो विकायचा माल. चांगला खडा फिकट, हिरवट झाक असलेला, उजेडापुढे धरला तर अर्धपारदर्शक. निखाऱ्यावर टाकला की आधी लिंबासारखा ताजा वास येतो, जड धूर नंतर. झाडाला विश्रांती द्यावी लागते, नाहीतर ते खचतं. ही झाडं कुटुंबांच्या, टोळ्यांच्या मालकीची असत आणि पुष्कळदा ती सोमालियाहून येणाऱ्या मजुरांना खंडाने दिली जात.

इथे एक घोळ निस्तरायला हवा. आपल्या पूजेच्या दुकानात 'लोबान' म्हणून जे मिळतं ते बहुधा आग्नेय आशियातल्या वेगळ्याच झाडाचं राळेसारखं द्रव्य असतं. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी', म्हणजे जावाकडचा लोबान म्हणत, आणि पुढे आपल्याकडे नुसतं 'लोबान' उरलं. धोफारच्या झाडाचा खरा नातलग आपल्याकडे आहे तो सालई. मेळघाटात, सातपुड्यात कोरड्या उतारांवर वाढणारा, तसाच कागदी सालीचा.

रोम, इजिप्त, इराक सगळीकडे देवापुढे आणि प्रेतापुढे लोबान जळत होता, आणि तो येत होता दक्षिण अरबस्तानातून आणि समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून. म्हणून सलालाच्या पूर्वेला एका खाडीच्या तोंडावर हद्रमौत या आजच्या येमेनमधल्या राज्याच्या राजाने तटबंदीचं बंदर बांधलं: सुमहुरम. आज त्या जागेला खोर रोरी म्हणतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास ते वसलं आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत चाललं. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रमार्गांच्या पुस्तिकेत 'मोस्खा' नावाचं बंदर येतं. ते हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मलबारहून आणि भडोचहून निघालेली जहाजं उशीर झाला तर तिथे मुक्काम करतात आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन लोबान भरतात, असं त्यात लिहिलं आहे. लोबानाचे ढीग उघड्यावर पडलेले असतात, पण राजाच्या परवानगीशिवाय एक दाणा जहाजावर चढत नाही, असंही तो सांगतो. याच पुस्तिकेत पैठण, तेर आणि कल्याण आहेत. पैठण आणि तेरचा माल घाट उतरून भडोचला जाई, असं तो लिहितो, आणि भडोचची गलबतं धोफारला लागत. पैठणची कापडाची एखादी गठडी तिथवर पोचली असेल, असं मला नेहमी वाटतं.

नुसत्या पुस्तकावर विसंबायची गरज नाही. खोर रोरीच्या उत्खननात भारतीय नर्तकीची एक तुटकी कांस्यमूर्ती मिळाली आहे आणि तमिळ-ब्राह्मी अक्षरं कोरलेलं खापरही. खोर रोरी, सलालाजवळचं मध्ययुगीन बंदर अल बलीद, वाळवंटाच्या कडेचं शिसर आणि लोबानाच्या झाडांची वादी दौका या चार जागा मिळून २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंदल्या गेल्या.

अल बलीद म्हणजेच जुनं झफार शहर, ज्यावरून प्रांताला नाव पडलं. इथून घोडे भारतात जात. इब्न बतूता लिहितो की विड्याचं पान आणि नारळ भारताखेरीज फक्त याच शहरात दिसतात, आणि कालिकतहून इथे यायला आपल्याला २८ दिवस लागले.

माणसं आणि त्यांचे रिवाज

डोंगरात मुख्यतः करा टोळी. त्यांच्या आधीपासून तिथे राहणारे म्हणून ओळखले जाणारे शहरा. पश्चिमेला आणि येमेनच्या बाजूला महरा. मैदानात आणि नज्दमध्ये आल कथीर. किनाऱ्यावर कोळी, व्यापारी, सय्यद घराणी आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज. यांतल्या कित्येकांची मातृभाषा अरबी नाही. डोंगरातली 'शहरी' भाषा (हिलाच जिब्बाली, म्हणजे 'डोंगरी', असंही म्हणतात), महरी, आणि आता मोजकेच बोलणारे उरलेल्या बथहरी आणि होब्योत. या अरबीच्या बोली नव्हेत. अरबीच्या दूरच्या बहिणी म्हणता येतील, पण अरबी माणसाला त्या समजत नाहीत. शतकानुशतकं त्या लिहिल्याच गेल्या नाहीत. गवताच्या, गाईच्या वयाच्या, धुक्याच्या बारीकसारीक छटा तोंडी शब्दांतच राहिल्या. गुरं राखणारी पिढी सरली की ते शब्दही जातात, आणि ते जात आहेत.

अशा मुलखात एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जायचं म्हणजे दुसऱ्या टोळीच्या पाण्यावरून आणि कुरणातून जायचं. पोलीस नाही, कचेरी नाही. त्यावर उपाय होता 'रबीआ'. ज्या टोळीच्या हद्दीतून जायचं तिचा एक माणूस बरोबर घ्यायचा. तो वाटाड्या असेलच असं नाही. तो जामीन असतो. तो सोबत आहे तोवर त्याच्या टोळीतल्या कोणी तुमच्या केसाला धक्का लावला, तर तो त्याच्या स्वतःच्या अब्रूवर घाला ठरतो आणि त्याचा जाब त्यालाच मागावा लागतो. हद्द बदलली की रबीआ बदलायचा. १९३०च्या सुमारास रुब अल खाली ओलांडणारा बर्ट्राम थॉमस आणि त्यानंतर विल्फ्रेड थेसिजर, दोघांचे प्रवास याच व्यवस्थेवर पार पडले. पुस्तकांत श्रेय प्रवाशांना मिळतं. ज्यांच्या शब्दावर ते जिवंत राहिले त्या माणसांची नावं फार थोड्यांना ठाऊक असतात.

सूडाचा नियमही याच मातीतला. खून झाला तर देणं एकट्या खुन्याचं नाही, सगळ्या टोळीचं. ते रक्ताने किंवा रक्ताच्या मोबदल्याने फेडायचं. बाहेरच्याला हे क्रूर दिसतं. पण आपल्या एका माणसाच्या चुकीची किंमत सगळ्यांना मोजावी लागते हे ठाऊक असल्यामुळे टोळीच आपल्या तापट पोरांना आवरायची. हे सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या वैरांमध्ये निरपराध माणसं मेली, आणि शहरा टोळीसारख्या दुबळ्या लोकांना बलवान टोळीच्या आश्रयाने, दुय्यम होऊन राहावं लागलं.

डोंगरी माणसाचं सगळं जग गाईभोवती. गाय ठेंगणी, चपळ, उतारावर शेळीसारखी चढणारी. दगडी भिंतींची, गवताने शाकारलेली गोल घरं. खरिफात जनावरांसाठी गुहा. दूध काढायचं ते पुरुषांनी. जुन्या रिवाजाप्रमाणे बाईने गाईच्या सडाला हात लावायचा नाही. वासरू मेलं आणि गाय पान्हा सोडेना तर वासराचं कातडं पेंढा भरून पुढे ठेवत. हे आपल्याकडच्या गवळ्यांनाही ठाऊक असलेलं दुःख आहे. गाय आजारी पडली, दूध आटलं, नजर लागली असं वाटलं, की निखाऱ्यावर लोबान टाकून तिच्याभोवती धूर फिरवायचा आणि मंत्रासारखे शब्द म्हणायचे. ज्यासाठी रोमने सोनं मोजलं, ते इथे गोठ्यात जळत होतं. घराघरांत संध्याकाळी धूर अजूनही होतो, बायकांनी मातीत घडवलेल्या, रंगवलेल्या चौकोनी धूपदाणीत.

बायकांचा पारंपरिक पोशाख 'अबू धैल', म्हणजे शेपटीवाला. पुढून आखूड, मागून जमिनीवर लोळणारा. वाळूवरची पावलं पुसली जावीत म्हणून तो तसा, असं लोक सांगतात.

उंट खरिफात डोंगरात ठेवता येत नाहीत. ओल्या उतारावर त्यांचे पाय घसरतात, माश्या हैराण करतात. म्हणून ते मैदानात उतरतात आणि धुकं सरलं, 'सर्ब' हा लख्ख ऋतू सुरू झाला, की गाणी म्हणत कळप पुन्हा वर चढतात.

सुलतान, बंड, युद्ध

एकोणिसाव्या शतकात मस्कतचे सुलतान धोफारवर हक्क सांगत, पण तो हक्क पातळ होता. ब्रिटिशांनी १८५२ मध्ये मलबारमधून घालवलेले मुस्लिम धर्मगुरू सय्यद फज्ल १८७६ ते १८७९ इथे सत्ता चालवून गेले, इतका पातळ. डोंगरी टोळ्या त्यांच्यावर उलटल्या आणि त्यानंतर मस्कतची पकड थोडी घट्ट झाली.

विसाव्या शतकातले सुलतान तैमूर यांनी १९३२ मध्ये गादी सोडली. १९६५ मध्ये ते मुंबईत वारले. त्यांचे पुत्र सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेले. १९५८ पासून ते सलालातच राहू लागले आणि धोफारला खासगी जहागिरीसारखं वागवू लागले. प्रवासावर बंदी, शाळा-दवाखान्यांची वानवा, आयातीवर निर्बंध. आखाती देशांत तेलाच्या कामावर गेलेल्या धोफारी तरुणांनी बाहेरचं जग पाहिलं आणि १९६५ मध्ये डोंगरात सशस्त्र उठाव सुरू झाला. दोन-तीन वर्षांत तो दक्षिण येमेनच्या पाठिंब्याने डाव्या क्रांतीच्या झेंड्याखाली गेला.

२३ जुलै १९७० रोजी सईदना त्यांच्याच मुलाने, काबूस यांनी, ब्रिटिशांच्या मदतीने पदच्युत केलं. काबूस यांची आई धोफारच्या डोंगरातली, माशनी घराण्याची. युद्ध जिंकण्याचं श्रेय पुष्कळदा ब्रिटिश कमांडो आणि इराणी फौजांना दिलं जातं. १९ जुलै १९७२ रोजी, ऐन धुक्यात, बंडखोरांनी किनाऱ्यावरच्या मिरबात गावावर चढाई केली ती परतवण्यात मूठभर ब्रिटिश सैनिकांचा मोठा वाटा होता, हे खरंच. पण माझ्या मते पारडं फिरवलं ते माफीने आणि विहिरींनी. शरण आलेल्या डोंगरी लोकांचीच पथकं उभारली गेली. जो भाग सरकारकडे आला तिथे विंधणविहीर, दवाखाना, शाळा, गुरांचा डॉक्टर येऊ लागला. धुकं सरल्यावर आठ-नऊ महिने पाण्यासाठी वणवण करणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबर १९७५ मध्ये युद्ध संपल्याची घोषणा झाली.

आज

आता खरिफात सलालाचे रस्ते गाड्यांनी तुंबतात. ४५ अंशांत होरपळणाऱ्या आखातातून माणसं भिजायला येतात. २०२४च्या मोसमात त्यांची संख्या दहा लाखांवर गेली. मे २०१८ मध्ये 'मेकुनू' चक्रीवादळ सलालाजवळ धडकलं. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये आलेल्या वादळाचं नाव होतं 'लुबान', म्हणजेच लोबान. या दोन वादळांनी रुब अल खालीत तळी साचली, वाळू हिरवी झाली आणि तिथे टोळ बेसुमार वाढले. त्या साथीची टोळधाड पिढ्या बदलत, देश ओलांडत मे २०२० मध्ये अमरावती-नागपूरच्या संत्र्याच्या बागांपर्यंत येऊन पोचली.

डोंगरातला प्रश्न मात्र संथपणे वाढणारा आहे. ज्या विहिरींनी युद्ध संपवलं, त्यांनीच कळपांची जुनी मर्यादाही संपवली. पाणी बारमाही, विकतचा चारा ट्रकने दारात. उंट आणि गाई कितीतरी पटींनी वाढल्या. गवत संपलं की जनावरं धावड्याच्या भावंडाची कोवळी रोपं खातात. उंट तर फांद्याही ओरबाडतात. जुनी झाडं म्हातारी होऊन पडतात, त्यांच्या जागी नवी येत नाहीत. काही उतारांवर आता तारेची कुंपणं घातली आहेत. खरिफात तिथे उभं राहिलं तर तारेच्या आतल्या झाडांखाली टप टप थेंब पडत असतात, आणि बाहेरच्या उघड्या उतारावरून तोच ढग तसाच निघून जात असतो.